‘नागास्त्र’ नागपुरात बनलं, पण ते चालवायला जवान कसा तयार होतो?

नागपूरच्या ‘इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज लिमिटेड’नं जून 2024 मध्ये ‘नागास्त्र-1’ या आत्मघाती ड्रोनची पहिली खेप लष्कराला दिली. एकूण ऑर्डर 480 ड्रोनची, त्यातले पहिले 120. पण ड्रोन मिळालं म्हणजे ते चालवणारा जवानही तयार झाला, असं होत नाही.

नेमकं शिकवायचं काय?

नागास्त्र साधारण 9 किलोचं आहे. ते 30 मिनिटं हवेत राहतं. चालकाच्या नियंत्रणात त्याचा पल्ला 15 किलोमीटर. मोहीम रद्द झाली तर ते पॅराशूटनं उतरवून पुन्हा वापरता येतं. म्हणजे खरं कौशल्य बटण दाबण्याचं नाही. हल्ला करायचा की ड्रोन परत आणायचं, हे त्या अर्ध्या तासात ठरवण्याचं आहे.

इथे ‘सिस्टिम्स इंजिनिअरिंग’ कुठे येतं?

या पद्धतीत शस्त्र आणि त्याचं प्रशिक्षण यांचा विचार एकत्र होतो. पहिला प्रश्न असतो: जवानाला कोणतं काम, कोणत्या परिस्थितीत, किती अचूक जमलं पाहिजे? त्यावरून ठरतं की काय वर्गात शिकवायचं, काय सिम्युलेटरवर आणि काय मैदानात. मग चाचणी. सिम्युलेटरवर जमलेलं मैदानात जमत नसेल, तर आधी प्रशिक्षणाचा आराखडा तपासायचा. ड्रोनचं सॉफ्टवेअर बदललं, तर सिम्युलेटरही बदलायचा.

हे नाही केलं तर?

उदाहरण नागरी विमानांचं आहे. बोईंगनं 737 मॅक्समध्ये ‘एमकॅस’ ही नवी प्रणाली बसवली, पण वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये तिची माहितीच नव्हती. 2018 आणि 2019 मधल्या दोन अपघातांत 346 जणांचा जीव गेला. नंतर सिम्युलेटर प्रशिक्षण सक्तीचं झालं.

आत्ताच का महत्त्वाचं?

सिम्युलेटरचा वापर वाढवण्यासाठी संरक्षण मंत्रालयानं सप्टेंबर 2021 मध्ये धोरणात्मक आराखडा आणला. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीराची सेवा 4 वर्षांची, आणि प्रशिक्षणही त्यातच. चुकीच्या पद्धतीनं शिकवण्यात गेलेला प्रत्येक आठवडा त्याच्या सेवेतूनच वजा होतो.

त्यामुळे पुढच्या वेळी संरक्षण खरेदीची बातमी आली, तर ‘किती कोटींची?’ यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: सिम्युलेटर कधी येणार आणि तो अपडेट कोण करणार?