शांत रस्ते टिकवायचे कोणी?

हुपरी, (प्रतिनिधी) - चांदीच्या पैंजणांमुळे देशभर नाव झालेल्या हुपरीतून सकाळी सहाच्या सुमारास रेंदाळ, यळगूड किंवा पट्टणकोडोलीच्या शिवारात सायकल काढली, की दोन्ही बाजूंना ऊस, मधून जाणारा अरुंद डांबरी रस्ता आणि दूध घालायला निघालेली एखादी मोटारसायकल, एवढेच दिसते. कोल्हापूर आणि इचलकरंजी ही दोन गजबजलेली शहरे जवळ असूनही आडरस्त्यांवर ही शांतता अद्याप शिल्लक आहे. ती आणखी किती वर्षे राहील, हा प्रश्न मात्र आता विचारण्याची वेळ आली आहे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या ‘पुणे ग्रँड टूर’ या आंतरराष्ट्रीय शर्यतीमुळे राज्यात सायकलीची पुन्हा चर्चा सुरू झाली. त्या शर्यतीसाठी रस्ते नव्याने गुळगुळीत करण्यात आले. स्पर्धेच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. परंतु शर्यतीचा रस्ता काही तास इतर वाहनांना बंद ठेवता येतो. रोज सायकल चालवणाऱ्याला तो बारा महिने वाहत्या रहदारीतच वापरावा लागतो. त्याच्या दृष्टीने डांबराच्या दर्जापेक्षा त्या रस्त्यावरून कोणती वाहने, किती आणि कोणत्या वेगाने जातात, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

रस्ता कोणाचा?

सायकल म्हटली, की शहरी वाचकाच्या नजरेसमोर रविवारी हेल्मेट घालून बाहेर पडणारा हौशी सायकलपटू येतो. ग्रामीण रस्त्यांवरचे चित्र वेगळे आहे. शेजारच्या गावातील हायस्कुलात जाणारी मुले-मुली, चांदीच्या कामासाठी हुपरी गाठणारे कारागीर, पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील पाळीला निघालेले कामगार आणि कॅरिअरला वैरणीचा भारा बांधून परतणारे शेतकरी हे या रस्त्यांचे खरे हक्कदार आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. त्यानंतर मोटारसायकली झपाट्याने वाढल्या; तरीही ज्याला परवाना काढता येत नाही आणि पेट्रोल परवडत नाही, त्याचे वाहन आजही सायकलच आहे.

सायकलीने काय साधते, याचे उत्तर बिहारने दिले आहे. तेथे २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींच्या नोंदणीत ३२ टक्क्यांनी वाढ झाली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना सायकली दिल्या जातात. सायकल देण्याचे धोरण आहे. ती जिथून चालवायची, त्या रस्त्याच्या सुरक्षिततेचे धोरण मात्र दिसत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा अपघाती मृत्यू झाला. त्यात सायकलस्वारांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. प्रमाण कमी वाटले, तरी त्याचा अर्थ दरवर्षी हजारो जीव असा होतो.

हंगामातील कसोटी

हुपरी परिसरातील रस्त्यांची खरी परीक्षा गळीत हंगामात होते. येथे जवाहर शेतकरी सहकारी साखर कारखाना आहे आणि जिल्ह्यातील अन्य कारखान्यांच्या टोळ्याही याच शिवारांत ऊसतोडणी करतात. साधारणतः नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या दिवसरात्र धावत असतात. ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर मळलेला किंवा मुळातच नाही, आणि चालकाच्या कानाशी कर्कश गाणी, हे दृश्य या भागात नवे नाही. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून आदळून झालेल्या अपघातांच्या बातम्या प्रत्येक हंगामात छापल्या जातात आणि हंगामाबरोबर विसरल्याही जातात.

यात शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. तोडलेला ऊस जितका उशिरा गाळपाला जातो, तितके त्याचे वजन आणि साखर उतारा घटतो. ऊस वेळेत जाणे ही त्याच्या पोटाची गरज आहे. म्हणून ‘ऊसवाहतूक बंद करा’ ही मागणी अव्यवहार्य ठरते. वाहतुकीची विभागणी मात्र करता येते.

रुंदीकरणाचा विरोधाभास

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. या योजनेतील रस्त्याचा डांबरी भाग सर्वसाधारणपणे ३.७५ मीटर रुंद असतो. एवढ्या रस्त्यावर समोरून ट्रॉली आली, की सायकलस्वाराला साईडपट्टीवर उतरावे लागते. प्रत्येक नूतनीकरणात डांबराचा थर चढत जातो, साईडपट्टीवर मुरूम मात्र पडत नाही. परिणामी कडेला खोल कपार तयार होते. डांबरावर राहिले तर ट्रॉलीचा धोका, खाली उतरले तर तोल जाण्याचा, अशा पेचात सायकलस्वार सापडतो.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे रुंदीकरण. पण रुंद झालेला आडरस्ता जड वाहनांच्या चालकांना लगेच सापडतो. जिल्ह्यातून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गाच्या सातारा-कागल सहापदरीकरणाचे काम अनेक वर्षे रेंगाळले. अशा कामांमुळे मुख्य रस्त्यावर कोंडी झाली, की वाहने गावांतल्या वाटा धरतात. म्हणजे ज्या रुंदीमुळे सायकलस्वाराची सोय व्हावी, तीच त्याला रस्त्यावरून हुसकावते. नियोजित शक्तिपीठ महामार्गावरून जिल्ह्यात २०२४ पासून मोठे वादळ उठले. या लहान रस्त्यांच्या भवितव्याबाबत मात्र कोणत्याही व्यासपीठावर चर्चा होत नाही.

विभागणीचा मार्ग

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा विचार पूर्वीच झाला आहे. नॉर्फोक आणि केंट परगण्यांत १९९० च्या दशकाअखेर ‘शांत रस्ते’ ही कल्पना प्रयोगादाखल राबवण्यात आली आणि २००० च्या परिवहन कायद्याने स्थानिक यंत्रणांना असे रस्ते घोषित करण्याचा अधिकार दिला. त्यामागील विचार साधा आहे : कमी रहदारीचा ग्रामीण रस्ता पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार आणि वाहनचालक यांनी वाटून घ्यायचा. त्याची नक्कल येथे करण्याचे कारण नाही. घोड्यांच्या जागी आपल्याकडे बैलगाड्या आहेत आणि ट्रॉलीचालक केवळ फलक पाहून वेग कमी करील, अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होईल.

परंतु अधिकार आपल्याकडेही आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट वाहनांना निर्बंध घालता येतात. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत. या दोन्ही यंत्रणा, पोलिस आणि साखर कारखाने यांनी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये एकत्र बसून ऊसवाहतुकीचे मुख्य मार्ग ठरवले, तर समांतर आडरस्त्यांवर फक्त त्याच शिवारातील ऊस येईल. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी तासभर ट्रॉल्या थांबवता येतील. दिवा आणि रिफ्लेक्टर नसलेल्या वाहनाला खेप मिळणार नाही, अशी अट कारखान्यांना वाहतूक करारातच घालता येईल. साईडपट्ट्या मुरुमाने भरून डांबराच्या पातळीला आणणे हे तर रुंदीकरणाच्या तुलनेत किरकोळ खर्चाचे काम आहे. त्यासाठी भूसंपादनही लागत नाही.

कोणता रस्ता शांत ठेवायचा, हे ग्रामसभांनी सुचवावे. कोणत्या वाटेने मुले शाळेला जातात आणि कोणत्या वाटेने ऊस, हे मुंबईतील कार्यालयापेक्षा गावाला अधिक चांगले ठाऊक असते.

शांत रस्ता हा निसर्गाने दिलेला ठेवा नाही. आजवर कोणाचे लक्ष गेले नाही, म्हणून तो शांत राहिला. औद्योगिक वसाहत वाढते आहे, गावे शहरांना भिडत आहेत. यापुढे दुर्लक्षाच्या आधारावर ही शांतता टिकणार नाही. नियोजन झाले नाही, तर रविवारचा सायकलपटू मोटारीत सायकल घालून दुसरा रस्ता शोधेल. रेंदाळहून हुपरीला शाळेत येणाऱ्या मुलीला मात्र दुसरा रस्ता नाही. एके दिवशी घरचे तिला सायकल काढू नको म्हणतील आणि त्याची नोंद कोणत्याही अपघाताच्या आकडेवारीत होणार नाही.