छाती कोणाची, माप कोणाचे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकीय यंत्राविषयी लिहावे, हे काही मित्रांना आगाऊपणाचे वाटेल. वाटो. या यंत्रातली अडचण निम्मी विजेची आणि निम्मी गृहीत धरण्याची आहे.

यंत्राचे नाव इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफी. छातीभोवती सोळा किंवा बत्तीस इलेक्ट्रोडांचा पट्टा बांधतात. एका जोडीतून अगदी सौम्य वीज सोडायची, बाकीच्यांवर विद्युतदाब मोजायचा. मग पुढची जोडी. हवा भरलेले फुप्फुस विजेला अधिक अडवते, म्हणून श्वासागणिक आकडे बदलतात व त्यांवरून संगणक चित्र काढतो. क्ष-किरण नाहीत, रोग्याला खाटेवरून हलवणे नाही. व्हेंटिलेटरवरच्या रोग्याच्या फुप्फुसात हवा कुठे पोचते, ते तिथल्या तिथे दिसते.

पण चित्र धूसर. सोळा इलेक्ट्रोडांच्या नेहमीच्या पद्धतीत एका फेरीत 208 मापे मिळतात. त्यांतली निम्मी उलट बाजूने घेतलेली तीच. उरलेल्या 104 आकड्यांवरून आतले सगळे ओळखायचे! शिवाय वीज सरळ जात नाही, वाट मिळेल तशी पसरते. म्हणून संगणकाला छातीचा आकार आधी सांगावा लागतो, आणि तो पुष्कळदा सर्वांना एकच, ठरावीक असतो. आकार चुकला, पट्टा सरकला, की चित्र बिघडते. यावर तोड म्हणून दोन क्षणांतला फरकच तेवढा दाखवतात. मात्र जो भाग आधीपासून निकामी आहे, तो फरकात दिसतच नाही.

माझे वडील एका जिनिंगमध्ये हमाली करतात. छाती अरुंद, एक खांदा झुकलेला. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्यांचा श्वास आवळतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या अशा आजाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. त्यांची छाती त्या ठरावीक आकारात बसेल, असे मला वाटत नाही.

इलेक्ट्रोड वाढवून अचूकता थोडी वाढेल. माझ्या मते आधी माणूस मोजला पाहिजे. तोही जातीवंशाच्या सरासरीने नव्हे. श्वास मोजणाऱ्या स्पायरोमीटरचे निकाल वर्षानुवर्षे वंश पाहून लावले जात; 2023 साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने ती रीत सोडण्याची शिफारस केली.

जालन्यात 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे उद्या हे यंत्र आलेच, तर पट्टा बांधण्यापूर्वी प्रत्येक रोग्याच्या छातीचा घेर, रुंदी व जाडी मोजून संगणकाला द्यावी, आणि हमाल, ऊसतोड मजूर, बाळंतिणी अशा सर्वांच्या मापांची एक वही ठेवावी. शिंप्याच्या टेपपासून सुरुवात करता येईल.