निळा म्हणजे रात्र नव्हे

पडदा उघडतो. रंगमंच निळ्या प्रकाशात बुडालेला असतो आणि रात्र झाली आहे हे प्रेक्षकाने ओळखून घ्यायचे असते. निळा जाऊन केशरी आला की सकाळ झाली. पिवळा म्हणजे भरदुपार, हिरवा म्हणजे श्रावण, आणि तांबडा म्हणजे एक तर सूर्यास्त, नाही तर खून! धर्मग्रामाच्या सभागृहातील नाताळच्या नाटिकेपासून राज्य नाट्यस्पर्धेपर्यंत हीच बाराखडी आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तिला प्रकाशयोजना म्हणण्याची रीत पडली आहे. आम्हांला ती मान्य नाही.

ऋतू रंगात नसतो, तो उन्हाच्या दिशेत असतो. मे महिन्याच्या मध्यास वसई-मुंबईच्या परिसरात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायाखाली लपते. डिसेंबरच्या अखेरीस त्याच अंगणात, त्याच वेळी, सावली जवळजवळ माणसाच्या उंचीएवढी लांबते. आषाढात आभाळ भरून आले की प्रकाश सगळीकडून सारखाच झिरपतो आणि सावलीच नाहीशी होते. वैशाख, पौष आणि आषाढ! एकही रंगीत कागद न लावता, केवळ दिव्याची जागा आणि सावलीची धार बदलून हे तिन्ही रंगमंचावर आणता येतात. मग श्रावणासाठी नटाच्या तोंडावर हिरवा झोत कशाला? हिरवेपणा शेतावर असतो, शेतकऱ्याच्या गालावर नव्हे.

रात्रीचेही तसेच. चंद्रप्रकाश हा मुळात परावर्तित सूर्यप्रकाश, आणि तो सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच असतो. तो आपल्याला निळसर भासतो याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे: अंधूक उजेडात डोळ्यांची तांबडे ओळखण्याची शक्ती आधी मावळते. जास्वंद काळी पडते, तिची पाने मात्र दिसत राहतात. म्हणजे रात्र होते ती रंग निघून गेल्याने. आम्ही मात्र रंग ओतून रात्र करू पाहतो, तीही लख्ख उजळलेली!

या हौसेची किंमत नट मोजतो. आपल्या सावळ्या कांतीवरून तांबूस-पिवळा प्रकाश जितका परततो, तितका निळा परतत नाही. मुलाची वाट पाहत रात्र जागवणारी आई रंगमंचावर उभी असते. तिच्या ओठांची थरथर हेच त्या प्रवेशाचे सर्वस्व असते. पण प्रेक्षकाला दिसतो तो एक निळा-काळा डाग. तालमीचे दोन महिने त्या डागात विरतात. पूर्वी दिव्यापुढे जिलेटिनचा कागद लावावा लागे. तो उष्णतेने विटे, बदलायला माणूस लागे. त्या खटाटोपामुळे निदान थोडा विचार तरी होई. आता एलईडी दिव्यातून बोटाच्या एका स्पर्शाने हवा तो रंग मिळतो आणि विचाराची ती अडचणही दूर झाली आहे.

यावर कोणी विचारील, वेळ-काळ प्रेक्षकाला कळणार तरी कसा? आम्ही विचारतो, वीज नव्हती तेव्हा कसा कळत होता? भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चित्राभिनयाचा स्वतंत्र अध्याय आहे. प्रभात, रात्र आणि ऋतू नटाने नजरेतून, हातांतून, अंगाच्या आकसण्यातून कसे दाखवावेत, हे तेथे सांगितले आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा आरंभ मध्यरात्रीच्या पहाऱ्यावर होतो आणि लंडनच्या उघड्या नाट्यगृहात तो भर दिवसा रंगत असे. वेळ सांगण्याचे काम शब्दाचे आणि देहाचे होते. प्रकाशाने ते हिरावून घेतले, आणि नटाने थंडीने कुडकुडणे सोडून दिले.

प्रकाशाची थोरवी आम्ही नाकारीत नाही. १९५९ साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरते. ते चढणारे पाणी तापस सेन यांनी प्रकाशाने उभे केले. लोकांनी ते पाहिले आणि खाणीत अडकलेल्या मजुरांसाठी त्यांचा जीव गुदमरला. तेथे प्रकाश माणसांच्या मरणाशी बांधलेला होता. आमच्याकडे तो टाळ्यांशी बांधला गेला आहे. सूर्यास्ताला टाळी पडते, परीक्षक गुण देतात, आणि पुढच्या वर्षी सूर्यास्त अधिक तांबडा होतो.

रंगांवर बंदी घाला, असे आमचे म्हणणे नाही. एवढेच करावे: तालमीत प्रवेश आधी साध्या, बिनरंगी प्रकाशात उभा करावा. ऊन कोणत्या बाजूने येते, सावली कोठे पडते, चेहरा दिसतो की नाही, हे ठरवावे. त्यानंतर एखादा रंग खरोखरच हवा असेल तर तो हलक्या हाताने घ्यावा. आणि परीक्षकांनी गुण देताना आकाशाकडे पाहण्याआधी त्या आईच्या चेहऱ्याकडे पाहावे. तो दिसला नसेल, तर बाकी सारा उजेड व्यर्थ आहे.