‘मुलींना आवडच नाही’ असं कोण म्हणतं?

वस्तीत प्रोग्रॅमिंगचा वर्ग सुरू होतो तेव्हा पहिल्या दिवशी खोली भरलेली असते. महिन्याभरात ती निम्मी होते. तीन महिन्यांनी बोटांवर मोजण्याइतक्या मुली उरतात. मग अहवाल लिहिला जातो आणि त्यात एक ठरलेलं वाक्य येतं: ‘प्रशिक्षणार्थींमध्ये सातत्य व प्रेरणेचा अभाव आढळला.’ समाजकार्याची पदवी घेतल्यापासून मी वस्तीपातळीवर काम करते आहे. शिवणवर्गापासून संगणकवर्गापर्यंत अनेक अहवाल वाचलेत, त्यातले काही टाइपही केलेत. हे वाक्य मला आता सहन होत नाही.

मैत्रिणींनो, या वाक्यात काय काय नाही ते पाहा. दुपारी चारला येणारं नळाचं पाणी नाही, वहिनीचं बाळंतपण नाही, भावाच्या खिशातला मोबाईल नाही, सहा वाजता बंद होणारी वर्गाची खोली नाही. आहे ती फक्त मुलीची ‘प्रेरणा’, आणि ती म्हणे कमी पडली! मागे एका कंपनीने आमच्या वर्गातली गळती थांबवायला एक प्रेरणादायी वक्ते पाठवले. दोन तास ते ‘मोठी स्वप्नं पाहा’ असं सांगत होते. त्या दिवशी आठांपैकी तीन संगणक बंद होते. ते दुरुस्त करायला पैसे नव्हते, वक्त्यांच्या मानधनाला होते.

आवड कशी जाते, याचा शोध घेतला गेलेला आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन नावाचं विद्यापीठ आहे. तिथे १९९५ साली संगणकशास्त्राला नव्याने प्रवेश घेणाऱ्यांत शंभरात फक्त सात मुली होत्या. जेन मार्गोलिस या समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि तिथले प्राध्यापक ॲलन फिशर यांनी विद्यार्थ्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या, २००२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: मुलींची आवड आधी जात नाही, आधी आत्मविश्वास जातो. शेजारचा मुलगा लहानपणापासून घरच्या संगणकाशी खेळलेला असतो, त्याला सगळं आधीच येत असतं. हिला वाटतं, हे आपलं क्षेत्र नाही. मग ती म्हणते, मला आवडत नाही. विद्यापीठाने काय केलं? प्रवेशासाठी प्रोग्रॅमिंगच्या पूर्वानुभवाला असलेलं वजन काढून टाकलं. ज्याला जितकं येतं त्याप्रमाणे पहिल्या वर्षाचे वेगवेगळे वर्ग ठेवले. २००० साली तिथे प्रवेश घेणाऱ्यांत शंभरात ४२ मुली होत्या. पाच वर्षांत मुली बदलल्या नाहीत, दार बदललं.

तिथल्या मुली निदान विद्यापीठात पोचलेल्या होत्या. आपल्याकडची गोष्ट त्याच्याही आधी अडते, वेळापाशी. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. पाच तास! २०२४ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा बायकांचे हे काम जेमतेम दहा मिनिटांनी उतरलं होतं. त्यातही हा वेळ सलग नसतो, हे कोणतंही कोष्टक सांगत नाही. प्रोग्रॅम लिहिताना डोक्यात चार गोष्टी एकदम धरून ठेवाव्या लागतात. कोणत्या नावात कोणता आकडा ठेवला, लूप किती वेळा फिरला, कुठे थांबायला हवा. तेवढ्यात हाक येते, ‘अगं, दूध उतू चाललंय!’ परत येऊन बसेपर्यंत चारही गोष्टी सांडलेल्या असतात. भावाला अभ्यासाच्या वेळी कुणी हाक मारत नाही. त्याची ती एकाग्रता म्हणे जन्मजात!

यंत्राचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरण्यासाठी मोबाईल असलेल्या बायका देशात ५४ टक्के होत्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. म्हणजे वर्गात शिकलेलं घरी करून बघायला साधनच नाही. आणि करून न बघितलेलं राहत नाही.

हे विसरणं म्हणजे बुद्धीचा दोष नव्हे. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस या अभ्यासकाने निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याला आढळलं की पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांतच जातं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. आणि तीच उजळणी एका बैठकीत कोंबण्यापेक्षा दिवसादिवसांच्या अंतराने केली तर जास्त टिकते. एका जर्मन विद्वानाचं हे असं होतं, तर आमच्या मुलींचं वेगळं कसं होईल? पण आपले वर्ग कसे असतात? पंचेचाळीस दिवस, रोज तीन तास, मग प्रमाणपत्र, फोटो, पुढची तुकडी. मधे श्वास नाही, नंतर उजळणी नाही. ज्येष्ठ मैत्रिणींना नव्वदच्या दशकातल्या साक्षरता मोहिमा आठवत असतील. सही करायला शिकलेल्या कितीतरी बायका पुढे अक्षरं विसरल्या, कारण त्यांच्या हातात वाचायला काही पडलं नाही आणि लिहायची गरज कुणी पडू दिली नाही. तेव्हाही दोष त्यांनाच दिला गेला.

हल्ली उपाय म्हणून व्हिडिओ देतात. ‘घरी बसून पाहा, पाहिजे तितक्यांदा पाहा.’ अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग इथे लक्षात घ्यावा. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत अशी की आपल्याला चांगलं लक्षात राहील, असा भरवसा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. व्हिडिओचं मला तेच वाटतं. पाहताना सगळं कळतं, आणि कोऱ्या पडद्यासमोर बसलं की हात थांबतो. मुलगी समजते, आपल्यात काही नाही. खरं तर तिला आठवायची संधीच कुणी दिलेली नसते.

आमच्या एका वर्गात पायथनमधला लूप शिकवायचा होता. पुस्तकात उदाहरण होतं एक ते दहा आकडे छापण्याचं. कुणाला हवेत एक ते दहा आकडे? त्याच सुमाराला वस्तीत एक खाजगी कर्जवाला फिरत होता. सहा हजारांचं कर्ज, महिना शेकडा दोन, बारा हप्ते. बचत गटाचा दरही शेकडा दोनच. मग फरक काय? मुलींनी तो प्रोग्रॅम लिहायला घेतला. बाकी सहा हजार धरायची. बारा वेळा तेच करायचं: बाकीवर दोन टक्के व्याज काढायचं, ते एकूण व्याजात मिळवायचं, बाकीतून पाचशे वजा करायचे. एकीचं उत्तर आलं ७८०, दुसरीचं ६६०. दोघींत जुंपली. प्रोग्रॅम दोघींचेही चालत होते, लाल अक्षरं कुठेच नव्हती. शेवटी वही काढून महिन्यामहिन्याने मांडलं, १२०, ११०, १००... तेव्हा सापडलं, दुसरीने हप्ता आधी वजा केला होता आणि व्याज नंतर काढलं होतं. दोन ओळींची अदलाबदल, एवढंच. यंत्र सांगितलेलं करतं, बरोबर-चूक आपणच पाहायची असते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. आणि कर्जवाल्याचं व्याज? तो पूर्ण सहा हजारांवर बाराही महिने व्याज लावत होता, कर्ज फिटत आलं तरी! १४४० रुपये. दर तोच, व्याज जवळजवळ दुप्पट.

हा लूप त्या मुली विसरलेल्या नाहीत. गटाच्या बैठकीला दर महिन्याला तो काढावा लागतो, कुणी आगाऊ पैसे भरते, कुणाचा हप्ता चुकतो, मग त्यात बदल करावे लागतात. एबिंगहाउसने सांगितलेलं अंतर आपोआप पडतं. प्रेरणेवर भाषण कुणी केलेलं नाही.

‘पण घरी संगणक नसेल तर?’ असं विचारणाऱ्यांना मी ब्रिटनमधल्या स्टेफनी शर्लींचं सांगते. १९६२ मध्ये त्यांनी सॉफ्टवेअरची कंपनी काढली आणि घरी मुलं सांभाळणाऱ्या बायकांना काम दिलं. त्या काळी घरात संगणक असण्याचा प्रश्नच नव्हता. बायका कागद-पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहीत. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत २९७ बायका होत्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग याच कंपनीने केलं. (स्वतःच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात म्हणून शर्ली ‘स्टीव्ह’ अशी सही करत, हेही सांगून ठेवते.) काम बायकांच्या दिवसात बसवलं, म्हणून बायका टिकल्या. वहीवर प्रोग्रॅम लिहिणं हे गरिबीचं लक्षण नाही, त्यात विचार जास्त होतो. मात्र वही दिली म्हणजे संगणक द्यायला नको, असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये.

आता एक नवा सूर लागला आहे: कोड तर यंत्रच लिहून देतं, मग या मुलींना कशाला शिकवता? असं म्हणणारे आपल्या मुलांची इंजिनिअरिंगची फी भरणं थांबवताना मला दिसलेले नाहीत. शिवाय ६६० आणि ७८० मधलं खरं कोणतं, हे ज्याला ओळखता येत नाही त्याने यंत्राच्या उत्तराचं करायचं काय? कर्जवाल्यावर ठेवला तसाच विश्वास ठेवायचा?

पैसे देणाऱ्या संस्थांकडे आपण प्रेरणा मागू नये. पंचेचाळीस दिवसांचा वर्ग वर्षभर पसरून द्या, आठवड्यातून दोनदा. सुरुवातीचा अर्धा तास पुस्तक मिटून मागचं आठवून लिहिण्याचा असू द्या. शिकवणं मराठीत असू द्या, पडद्यावरच्या इंग्रजी चुकांचा अर्थ मराठीत लिहून भिंतीवर लावा. शेजारी पाळणाघर हवं. आणि सरावाच्या तासांचं मानधन हवं. शिकवणाऱ्याच्या तासाला दर आहे, खोलीला भाडं आहे, शिकणारीच्या तासाची किंमत मात्र शून्य! ती त्या तासात चार घरची भांडी घासून पैसे आणू शकते, हे तिच्या सासूला ठाऊक आहे, अंदाजपत्रक करणाऱ्यालाच नाही.

आपल्या संघटनांतही पाहायला हवं. पत्रकं टाइप करायला कार्यकर्ती आणि सभासदांची यादी संगणकावर बांधायला कुणाचा तरी भाचा, ही वाटणी कुठून आली? ती यादी मुलींच्या हाती द्या. थोडा उशीर होईल, दोनदा बिघडेल.

आमच्या वर्गाची खोली सहाला बंद होते, कारण चावी ज्या मंडळाकडे आहे त्यांचा कॅरम सहाला सुरू होतो. रात्री आठ ते दहा ती मुलींना मिळावी, असा अर्ज आम्ही तीनदा दिला आहे. आठ वाजता भांडी आवरलेली असतात. चौथा अर्ज या महिन्यात जाईल, त्यावर मुलींच्या बरोबर त्यांच्या आयांच्याही सह्या आहेत.