गिझर बिघडला? आधी विचारा धोका किती, खर्च किती ते नंतर!

थंडीची चाहूल लागली की जोगेश्वरीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: 'कोणाकडे चांगल्या प्लंबरचा नंबर आहे का?' त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, 'किती घेतो?' गिझरचं पाणी तापत नाही, नळाला धार नाही, वरच्या मजल्यावरून गळती होते, अशा तक्रारींवर चर्चा होते ती खर्चाची. यातल्या कोणत्या बिघाडाने फक्त गैरसोय होते आणि कोणत्या बिघाडाने जीव जाऊ शकतो, हे क्वचितच कोणी विचारतं. खरं तर तोच प्रश्न पहिला असायला हवा.

नळाला धार नाही, दोष कुठे?

सर्वात आधी घरातले सगळे नळ उघडून पाहा. एकाच नळाची धार बारीक असेल, तर त्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीत कचरा अडकलेला असतो. जाळी फिरवून काढा, धुवा आणि परत बसवा. हे पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी प्लंबर लागत नाही. सगळ्याच नळांना धार नसेल, तर दोष टाकीत, व्हॉल्व्हमध्ये किंवा बाहेरच्या पुरवठ्यात असतो.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी मेट्रो ६च्या कामादरम्यान अंधेरीत सीप्झजवळ वेरावली जलाशयाला पाणी पुरवणारी १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. जोगेश्वरीसह पश्चिम उपनगरांतल्या अनेक भागांचा पुरवठा त्यामुळे विस्कळीत झाला होता. असा खंड पडल्यावर पाणी परत येतं तेव्हा पाइपमधली हवा आणि गाळही सोबत येतो. म्हणून आधी मोरीतला नळ थोडा वेळ मोकळा सोडा. पाणी स्वच्छ आणि सलग येऊ लागलं की मगच गिझर सुरू करा.

वरच्या मजल्यावरच्यांची अडचण वेगळी असते. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी शॉवरच्या जेमतेम तीन मीटर वर असेल, तर दाब ०.३ बारच राहतो. एवढ्या कमी दाबावर अनेक गॅस गिझर पेटतच नाहीत. त्यात यंत्राचा दोष नसतो, पण तो 'बिघडला' म्हणून विनाकारण खोलला जातो.

पाणी तापत नाही?

१५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण १८ ते २० मिनिटं घेतो. पाच मिनिटांत पाणी कोमट असेल, तर तो बिघाड नाही. अर्ध्या तासानंतरही पाणी थंडच असेल, तर आधी एमसीबी पडला आहे का ते बघा. एकदा वर करून पाहायला हरकत नाही. लगेच पुन्हा पडला, तर मात्र तिथेच थांबा. गिझरचा एलिमेंट किंवा वायरिंग खराब असण्याची शक्यता मोठी असते आणि एमसीबी पुन्हा पुन्हा वर ढकलणं म्हणजे मिळालेला इशारा दाबून टाकणं.

पाणी तापायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागत असेल, आतून खडखड आवाज येत असेल, तर एलिमेंटवर क्षाराचा थर चढलेला असतो. मुंबईला तलावांतून मिळणारं पाणी तसं मऊ असतं. पण ज्या इमारती बोअरवेल किंवा टँकरवर विसंबून असतात, तिथे हा थर लवकर साचतो. शॉवरच्या छिद्रांवर पांढरे डाग दिसले, की गिझर आतून साफ करून घेण्याची वेळ झाली असं समजावं.

ठिबकणारा व्हॉल्व्ह बंद करू नका

तापताना पाणी प्रसरण पावतं. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं, तर त्याचं आकारमान सुमारे २०० मिलिलिटरने वाढतं. या वाढलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसेल, तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. तापताना थोडं ठिबकणं म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. सतत धार लागली असेल, तर दाब तपासून व्हॉल्व्ह बदलावा. पण 'गळतंय' म्हणून त्याचं तोंड एम-सीलने बुजवणं अत्यंत धोक्याचं आहे. थर्मोस्टॅट अडकला आणि दाबाला बाहेर पडायला वाट नसेल, तर टाकी फुटू शकते.

झिणझिण्या आल्या तर?

गिझर सुरू असताना नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर बाथरूमबाहेर येऊन मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग तपासल्याशिवाय तो गिझर पुन्हा लावू नका. २ किलोवॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर वीज खेचतो, ३ किलोवॅटचा १३. तो ६ अँपिअरच्या प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर चालवणं आगीला आमंत्रण आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात असायलाच हवा. त्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

सर्वात मोठा धोका दिसत नाही

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत आंघोळीला गेलेल्या एका १५ वर्षांच्या मुलीचा गॅस गिझरमुळे जीव गेला. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. 'गॅस गळला तर वास येईलच' हा समज इथेच घात करतो. वास सिलिंडरच्या गॅसला असतो, कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. डोकं जड झालं, चक्कर किंवा मळमळ वाटली, तर लगेच बाहेर पडा, दारं-खिडक्या उघडा, गिझर बंद करा आणि १०८ला फोन लावा.

हा प्रश्न एकट्या घराचा नाही

गळतीचा वाद झाला की सोसायटी आणि सदस्य एकमेकांकडे बोट दाखवतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामायिक पाइपलाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. फ्लॅटच्या आतल्या नळजोडणीचा खर्च सदस्याचा. हा हिशोब स्पष्ट आहे. पण अर्थिंग कोण तपासणार, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये भाडेकरूने लावलेला गॅस गिझर कोण बघणार, यावर सगळे गप्प असतात. घरमालक म्हणतो, तो भाडेकरूचा. भाडेकरू म्हणतो, वर्ष-दीड वर्षात निघायचंच आहे.

वार्षिक सभेत पार्किंग आणि रंगकामावर तास-तास वाद होतात. त्यातली दहा मिनिटं या विषयाला दिली, तर सगळ्या घरांसाठी मिळून एकदाच इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर बोलावता येतील. दरवर्षी हिवाळ्याआधी प्रत्येक घरात तीनच गोष्टी बघायच्या: अर्थिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गॅस गिझरची जागा. खर्च वाटून घेतला, तर घरामागे तो फारसा पडणार नाही.

नळाची जाळी घरच्या घरी धुवा, त्यात पैसे वाचतात. पण वीज, दाब आणि गॅस यांच्या बाबतीत 'चालतंय ना, मग राहू दे' हे धोरण परवडणारं नाही.