काटा खरा आहे ना?

उसाच्या हंगामात दौंड-शिरूरकडे हा प्रश्न हमखास कानावर येतो. आकाशातले क्ष-किरण मोजणाऱ्यांनाही तोच छळतो. वातावरण हे किरण अडवते. म्हणून १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जॅकोनी यांच्या गटाने छोट्या अग्निबाणातून गायगर काउंटर वर धाडले. हाती जेमतेम सहा मिनिटे, तेवढ्यात वृश्चिकेतला तेजस्वी स्रोत गवसला! अशा घाईत काटा तपासायला फुरसत कुठली? ते काम जमिनीवरच उरकायचे.

उपग्रहाला सवड असते. २०१५ मध्ये सुटलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वर टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या दुर्बिणीतील कॅमेऱ्याच्या कोपऱ्यांवर किरणोत्सारी लोह-५५ आहे. त्याचे क्ष-किरण ५.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे जणू शिक्का मारलेले वजन. अर्धायुकाल मात्र पावणेतीन वर्षांचा; ऊर्जा तीच राहते, किरण रोडावतात. त्याच उपग्रहावरच्या सीझेडटी इमेजर या क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणाची माहिती पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत हाताळली जाते. या इमेजरचे किरण टिपणारे बिंदू १६,३८४, आणि (शेतकऱ्याला हे सांगायला नको) प्रत्येकाची खोड निराळी. या अंकात आम्ही त्या खोडींबद्दलच लिहिले आहे, कृष्णविवरांबद्दल थोडे कमी.