ई-पीक पाहणी: बागायतदाराने झाडे मोजावीत की आर?

मालवण तालुक्यातल्या एखाद्या बागायतदाराला विचारा, 'किती क्षेत्र?' उत्तर येईल, 'साठ कलमं हापूसची, चाळीस काजू आणि परड्यात वीस माड.' कोकणात बाग झाडांनी मोजली जाते. मोबाइलमधले ॲप मात्र हेक्टर आणि आर विचारते.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावरच्या बागा झोडपल्या. त्यानंतर सरकारने नारळाला झाडामागे 250 रुपये आणि सुपारीला 50 रुपये मदत ठरवली. म्हणजे मदत देताना झाड हे एकक मान्य झाले. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तिचा साचा मात्र हंगामी पिकाचा: एक गट, एक हंगाम, पेरलेले क्षेत्र. भात किंवा सोयाबीनला तो बरोबर बसतो. सड्यावरच्या कलमबागेत तो अडतो. तिथे आंब्याखाली काजू असतो, कडेला कोकम असते आणि सातबारावर भावकीची वीसेक नावे असतात.

यात दोष ॲप बनवणाऱ्यांच्या हुशारीचा नाही. ज्याचा व्यवसाय आपल्याला परका, त्याच्यासाठी साधन बनवायचे तर आधी त्याची मोजमापाची भाषा शिकावी लागते. झाडांची संख्या आणि लागवडीचे अंतर विचारून क्षेत्र ॲपनेच काढावे, एवढी सुधारणाही मोठी ठरेल.

तोवर हिशेब तुम्हालाच करावा लागेल:

- हापूस, 10 × 10 मीटर: एक कलम म्हणजे 1 आर.
- काजू, 7 × 7 मीटर: दोन कलमे म्हणजे साधारण 1 आर.
- नारळ, 7.5 × 7.5 मीटर: सात माड म्हणजे साधारण 4 आर.

म्हणजे वरच्या बागायतदाराचे क्षेत्र हापूस 60, काजू 20 आणि नारळ 11 आर भरते. झाडे एकमेकांत मिसळलेली असतील, तर 'मिश्र पीक' निवडा. बांधावरची झाडे वेगळी नोंदवा. सामाईक गटात कोण किती क्षेत्र नोंदवणार, हे भावकीत आधी ठरवा. नोंद चुकली, तर 48 तासांच्या आत दुरुस्त करा.

ही नोंद गाव नमुना 12 मध्ये जाते. विमा किंवा नुकसानभरपाईच्या वेळी तीच पाहिली जाते. चाळीस वर्षांची बाग कागदावर 'पड' दिसू नये, म्हणून मुदत संपायची वाट पाहू नका.